सुगीच्या सणाला कात्री

देवळात माझ्या हातात कागद सरळ राहत नाही. आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो, नव्या पोरांना ते ऐकून हसू येतं. तर रविवारी दारात उपासनेचा छापील कागद मिळतो, कुठली गीतं गायची, प्रार्थना कोण करणार, असं सगळं त्यावर असतं. गीतं होईपर्यंत तो कागद बरा असतो. उपदेश सुरू झाला की माझी बोटं आपोआप कामाला लागतात. कोपरा तिरका धरायचा, अंगठ्यानं रेटत न्यायचा, गोल करायचा, आणि शेवटी वरचं तोंड नखानं आत दुमडायचं. आमेन म्हणून उठते तेव्हा मांडीवर एक लांबलचक पांढरी बिडी पडलेली असते. मागच्या बाकावरची एक बाई एकदा कानाशी येऊन म्हणाली होती, "आक्का, ही कुणाला ओढायला?"

निपाणीच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. एक काळ असा होता की आमच्या गल्लीत उंबऱ्याउंबऱ्यावर मांडीत सूप घेऊन बाई बसलेली असायची. आई बिड्या वळायची, मी वळल्या, सासूही वळायची. रात्री तेंदूची पानं भिजवायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याचं माप लावून कात्रीनं कापायची. मग पानात जर्दा भरून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. संध्याकाळी कारखान्यात नेऊन द्यायचं. तिथं तपासणारा एकेक जुडी उलगडून बघायचा आणि त्याला नाही आवडली तर छाट म्हणून बाजूला फेकायचा. त्या छाटीचे पैसे नाहीत. माझ्या दोन पोरांची शिक्षणं त्या सुपातून झाली, मालकांच्या आजारपणाला ते सूपच पुरलं. 'मालक' म्हणजे आमचे हे, कारखान्याचे नव्हेत.

मला शाळा फार मिळाली नाही. अक्षरं शिकले ती गीतांच्या पुस्तकावरून. गीत तोंडपाठ असायचं, मग ओळीवर बोट ठेवून कुठला शब्द कुठं बसलाय ते जुळवत जायचं. म्हणून माझ्या लिहिण्यात काही वाकडंतिकडं असलं तर सांभाळून घ्या.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या मंडळीत, म्हणजे देवळाच्या लोकांत, सुगीचा सण असतो. शेतं निघाली की एका रविवारी सगळ्यांनी आपापल्या कष्टातलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवायचं आणि देवाचे उपकार मानायचे. शेतकरी जोंधळ्याची कणसं आणतात, उसाची मोळी आणतात, शेंगा, भोपळे, एखादी कोंबडी. शिंपी आणतो एखादं झबलं. नोकरीवाले पाकीट ठेवतात. उपासना झाली की हे सगळं बाहेर आवारात आणून त्याचा लिलाव होतो. आपलाच भोपळा शेजाऱ्यानं चढ्या बोलीनं घेतलेला बघायला माणसाला बरं वाटतं. जमेल ते गोरगरिबांच्या कामी जातं.

या सणाला बिडीवाल्या बायकांचं मात्र अवघड असायचं. बिडी काय वेदीपुढं ठेवायची चीज आहे? तसं कुणी तोंडावर कधी म्हटलं नाही. पण माझी आई सणासाठी म्हणून दोन कोंबड्या पाळायची आणि अंडी न्यायची. मी लहानपणी विचारलं होतं, आपण तर बिड्या करतो, मग अंडी का नेतो? ती म्हणाली, "देवाला धूर चालत न्हाय गं." एवढंच. पुढं मीही तसंच केलं. कधी अंडी, कधी दारातल्या वेलीची दोडकी, आणि अलीकडं घर पक्कं झालं, वेल गेली, कोंबड्या गेल्या, तेव्हा बाजारातून नारळ. नारळाला कोण विचारतंय तू कुठला म्हणून!

यंदा विचारणारा आला. आमचे पाळक, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, नवीन आहेत, वयानं माझ्या थोरल्या नातवापेक्षा थोडेसे मोठे. बेळगावजवळच्या वडगावचे, विणकराच्या घरातले. त्यांच्या घरी माग आहे, वडील अजून बसतात. गेल्या सणाला म्हणे कुणीतरी सफरचंदाची पेटी आणली, त्यावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली. ते त्यांच्या मनाला लागलं असावं. यंदा त्यांनी आधीच सांगितलं की विकत आणून काही ठेवू नका, आपल्या हातानं केलेलं आणा, थोडं असू दे पण हातचं असू दे. मग आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. सुगीच्या सणाला वडील मागावरचा टॉवेल स्वतः धुऊन, घडी घालून नेत, आणि त्या दिवशी त्यांची मान कशी ताठ असे. माणूस चांगला आहे. त्यांना वाटलं, प्रत्येकाच्या घरात असा एक टॉवेल असणारच.

मी मांडीवर बघितलं. कागदाची बिडी झाली होती.

घरी येताना सुनेनं रिक्षातच विषय काढला. सून मला आत्या म्हणते, आमच्याकडं सासूला तसंच म्हणतात. ती शाळेत शिकवते, कानडी आणि मराठी दोन्हींत तिचं डोकं सारखं चालतं. तिनं सुचवलं की ती बेसनाचे लाडू करेल, मी वळून द्यावेत, म्हणजे झालं हातचं. मी म्हटलं बरं. पण रात्री जेवताना ते मनाला काही पटेना. लाडू तिचा, साखर दुकानाची, आणि मी नुसती वळणार. आयुष्यभर वळलं ते एक आणि देवाला दाखवायचं दुसरंच, हे काय बरोबर नव्हे.

इथं एक सांगायला हवं. सुपाचं काम मी सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. डोळ्यांनी सोडायला लावलं. पण कात्री सोडली नाही. बिडीची कात्री जड असते, लोखंडी, तिच्या अंगठ्याच्या कडीला मी चिंधी गुंडाळलेली आहे, घट्टा पडू नये म्हणून. त्या कात्रीवर मी आता दुसरंच काम करते. म्हाताऱ्या माणसांची नखं कापते.

याची सुरुवात माझ्या मैत्रिणीपासून झाली. तिनं आणि मी एकाच कट्ट्यावर बसून बिड्या वळल्या, माझ्या दारचा कट्टा, तिथं उजेड चांगला म्हणून चार बायका जमायच्या. ती बौद्ध, तिच्या घरात बाबासाहेबांचा फोटो, माझ्या घरात क्रूस, आणि दोघींच्या पदरांना जर्द्याचा वास एकच. जिभेनं तिखट बाई. आमच्या कट्ट्यावर एक रीत होती. कुणाचं बाळंतपण आलं, कुणाचं दुखणं आलं, की बाकीच्या बायका संध्याकाळी आपापल्या सुपातली एक ओंजळ बिड्या तिच्या सुपात घालायच्या, म्हणजे कारखान्यात तिची रोजची मोजणी भरायची आणि काम तुटायचं नाही. तिच्या घरी कुणी विचारायला जायचं नाही आणि तिनंही आभार मानायचे नाहीत. माझा धाकटा तापानं बेळगावच्या दवाखान्यात होता तेव्हा मी किती तरी दिवस कट्ट्यावर नव्हते. परत आले तर काम तुटलेलं नाही. मी डोळे पुसत म्हटलं, मी तिथं सगळ्यांसाठी प्रार्थना करत होते. ही म्हणाली, "तू प्रार्थना कर, आमी बिड्या वळतो. कुणीतरी वळाय पायजे का नगो?"

तर ही आता अंथरुणाला आहे. जर्द्याच्या धुळीनं छाती गेली असं डॉक्टर म्हणतात. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई येऊन बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावते, श्वास किती आहे ते बघायला. एकदा ते यंत्र काही बसेना. का, तर हिच्या बोटाचं नख. बिडीवालीचं एक नख असतं, बिडीचं तोंड दुमडायला वाढवलेलं, ते तिचं हत्यार. ते कापायचं नाही, जपायचं. सूप सुटून वर्षं झाली तरी हिनं ते ठेवलेलं. दुसरं कुठलं बोट पुढं करावं, तर तेही नाही, हट्टानं तेच पुढं करायची. नर्सबाई कानडीतून समजावून थकली, मुलगा रागावून थकला. मी गेले तेव्हा हात पांघरुणाखाली लपवून बसली होती, लहान पोरीसारखी.

मी कोमट पाण्याची वाटी घेतली, तिची बोटं त्यात बुडवली, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तिनं बघितलं आणि ओळखलं. "पान भिजवाय लागलीयास व्हय?" म्हणाली. मी म्हटलं व्हय. कोरडं पान कापलं की फुटतं, नखाचंही तसंच असतं. म्हाताऱ्या माणसाचं नख शिंगासारखं होतं, नेलकटर त्याच्यावर उघडतच नाही. भिजू दिलं आणि जड कात्री तिरकी धरली की सुरेख निघतं. तिनं ते नख मला कापू दिलं. कापून झाल्यावर हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, आता मी रिटायर झाले.

मग गल्लीत बातमी फिरली. पायाची नखं वाढून चप्पल घालता येत नाही अशी कितीतरी म्हातारी माणसं घराघरांत असतात. मुलाला ते जमत नाही, सुनेला किळस येते, आणि सांगायला माणसाला लाज वाटते. एकेकीनं निरोप पाठवला, माझीबी काप म्हणून. मी जाते. वार बघून जाते, कुणाला शनिवार चालत नाही, कुणाला दिवेलागण. नखं घरात सांडू नयेत, भांडणं होतात असं म्हणतात, म्हणून कागदात गोळा करून बाहेर नेते. देवळातले ते गुंडाळलेले कागद त्यासाठीच साठवते मी.

सुनेला हे आवडत नव्हतं. महिला मंडळात कुणीतरी तिला विचारलं होतं की तुमच्या आत्या लोकांचे पाय धरत फिरतात म्हणे. ती घरी येऊन नुसती गप्प बसली होती. तिच्या गप्प बसण्यातलं मला सगळं कळतं.

सणाच्या आधीच्या आठवड्यात पाळकसाहेब घरभेटीला आले. चहा झाला, प्रार्थना झाली. ते उठायच्या आत मी विचारून टाकलं, "साहेब, वेदीपुढं बिड्या ठेवल्या तर चालतील काय?"

त्यांना वाटलं मी चेष्टा करते. मग माझ्या तोंडाकडं बघून ते परत खाली बसले. मी सांगितलं की माझ्या हातचं म्हणाल तर जन्मभराचं तेवढंच आहे. नारळ आता चालायचा नाही, लाडू सुनेचे. आणि बिडी ठेवायची तर मला हेही माहीत आहे की ती ओढून माणसं खोकतात. माझी मैत्रीण न ओढता खोकते. तर हे देवापुढं न्यायचं की लपवायचं? आणि लपवायचं म्हटलं तर मग माझ्याजवळ उरलं काय?

मला वाटलं होतं एखादं वचन सांगतील. ते म्हणाले, "आक्का, मला माहीत न्हाय. मला विचार करू द्या." खरं सांगते, त्या पोराबद्दल मला तेव्हा आदर वाटला. पण विचार करून ते काही परत आले नाहीत आणि रविवार जवळ आला.

मी मैत्रिणीकडं गेले. तिच्या पायांना तेल लावता लावता तिला सगळं सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मग म्हणाली, "तुझा येशू सुतार हुता न्हवं?"

"व्हय."

"मग सुतार काय निस्ते पाळणेच करतोय? बैलाच्या मानंवरचं जू कोण करतंय? त्या जुवानं बैलाची मान सोलती. गिऱ्हाइकानं सांगितलं तर करायच पडतंय की त्याला."

मी म्हटलं, तो असं जू करत असेल की मान सोलणार नाही. ती हसली आणि हसता हसता खोकली, बराच वेळ. मी पाठीवर हात फिरवत राहिले. दम परत आल्यावर म्हणाली, "बिडीनं माणसं खोकली, खरं हाय. बिडीवर पोरं शिकली, ह्येबी खरं हाय. तू काय जज्ज हाईस व्हय गं, निकाल द्यायला? बिड्या न्हेऊ नगो. कात्री न्हे. कात्रीला कुठं ठावं हाय ती काय कापाय लागलीया."

आता तिचं सगळं मला पटलं असं नाही. कात्रीला माहीत नसलं तरी धरणाऱ्याला माहीत असतंच. पण घरी येऊन मी कात्री घासली. राखेनं घासली, तेल दिलं, कडीची जुनी चिंधी सोडून नवी गुंडाळली. ज्या हातांनी पानं कापली त्याच हातांनी आता नखं कापते, दोन्ही कामं तिच्यात आहेत, बरं काय ते आणि वाईट काय ते देवच बघून घेईल, एवढाच माझा विचार. त्याच्यापुढं ठेवायची, त्याला दाखवायची, आणि उचलून घरी आणायची.

इथंच माझी चूक झाली. आणि बघा, एवढे सण केले, एवढी अंडी दिली, पण हे माझ्या डोक्यातच आलं नाही. अंडी आपण देतो, कोण घेतं कोण नाही, वळून बघत नाही. वेदीपुढं ठेवलं ते लिलावात जातं ही रीत मला काल-परवाची नाही, जन्मापासूनची ठाऊक. पण कात्री ही काही द्यायची वस्तू नव्हे, ती आपली आहे, ती तर हाताचाच भाग, असं मनात पक्कं बसलेलं.

सणाच्या दिवशी देवळात शेणानं सारवलेल्या खळ्यासारखा वास येत होता, ओल्या उसाचा, कोथिंबिरीचा, कोंबडीचा. माणसं रांगेनं पुढं गेली. मीही गेले. शेंगांची पाटी आणि एक लाल भोपळा यांच्या मध्ये मी कात्री ठेवली. पाळकसाहेबांनी बघितली. माझ्याकडं बघितलं. ओळखलं असावं, कारण प्रार्थनेत त्यांनी शेतकऱ्यांची नावं घेतली, शिंप्यांची घेतली, मग थोडं थांबून म्हणाले की पान कापणाऱ्या हातांसाठीही. आमच्या देवळात हे कधी कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या पुढच्या बाकावर अजून एक जुनी बिडीवाली होती, तिनं मागं न बघता हात मागं करून माझा गुडघा दाबला.

आवारात लिलाव सुरू झाला. मंडळीतले एक वडीलधारे आप्पा दरसाल बोली लावतात, त्यांचा आवाज मोठा. भोपळा गेला. शेंगा गेल्या. मग आप्पांनी हात घातला आणि कात्री वर धरली.

सून शेजारी होती, तिनं कोपर मारलं. "आत्या, सांगा की चुकून ठेवली म्हणून."

मी म्हटलं, "ठेवली तर ठेवली. देवाला दिलेलं चुकून कसं म्हणायचं?"

बोलले खरं, पण डोळ्यांपुढं दुसऱ्या दिवसाची घरं येत होती. मैत्रिणीचे पाय तेल लावून मऊ करून ठेवलेले. पलीकडच्या गल्लीतली एक आजी निरोप पाठवून बसलेली. दुसरी कात्री मिळेल, पण माझा हात या कात्रीवर बसलेला होता, आणि या वयात हात पुन्हा बसतो की नाही कोण जाणे.

शिंप्यानं पहिली बोली केली. लोखंड चांगलं आहे म्हणाला. मग गर्दीच्या मागून एकानं वाढवली. चिकोडीकडच्या रस्त्यावर मळा असलेला मंडळीतला एक शेतकरी, कमी बोलणारा माणूस, सणाला तेवढा हमखास येणारा. शिंप्यानं वाढवली, यानं अजून वाढवली. लोक हसायला लागले. आप्पाही म्हणाले, "अण्णा, ह्या साली ऊस कात्रीनं तोडणार व्हय?" तो हसला नाही, बोलीही सोडली नाही. शिंप्यानं हात झटकले. कात्री मळेवाल्याची झाली.

मी घरी जायला वळले होते. तो समोर येऊन उभा राहिला, कात्री रुमालात गुंडाळलेली.

"आक्का, तुम्ही नखं कापतासा म्हणं. माझ्या आबाची कापायची हाईत. कुणाला पायाला हात लावू देत न्हाईत. चार महिनं झालं, खाटंवरनं उतरत न्हाईत."

मी म्हटलं, येते की, पण कात्री आता तुमची.

"कात्री माझी, हात तुमचं," तो म्हणाला. "कात्री तुमच्याजवळच असू दे. जवा आबांना लागंल तवा घिऊन यायचं, एवढंच."

सून हे सगळं ऐकत उभी होती. ती मध्ये पडली नाही. मळ्यावर जायला रिक्षा परवडणार नाही, मीच स्कूटीवरून सोडते, एवढं मात्र त्याला म्हणाली.

आम्ही पुढच्या आठवड्यात गेलो. मळ्यातलं घर, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत खाट. खाटेशेजारी ऑक्सिजनचं यंत्र घरघर करत होतं, त्याची नळी म्हाताऱ्याच्या नाकाला. अंगाची काडी झालेली, डोळे मात्र तेज. सून आत बाईमाणसांशी बोलायला गेली. मी पाण्याचं घमेलं मागवलं, खाली पोत्यावर बसले आणि कात्री बाहेर काढली.

म्हाताऱ्यानं मान कलती करून ती बघितली. "ही तर बिडीची कात्री."

"व्हय."

"कुठल्या कारखान्याच्या बिड्या करत हुतासा?"

मी कारखान्याचं नाव सांगितलं. मग त्याचं तोंड पसरत गेलं आणि तो हसायला लागला, नळी हलायला लागली, हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. मुलगा धावत आला. त्यानं हातानंच मुलाला थांबवलं. श्वास लागल्यावर म्हणाला, "म्हंजे जलमभर मी तुमचीच ओढली."

माझे हात घमेल्यात होते, तसेच राहिले. कारखान्यात जुडी दिली की ती कुठं जाते हे मी कधी बघितलं नव्हतं. तपासणाऱ्यापुढं माझी बिडी संपायची. त्याच्या पलीकडं एक माणूस असतो, त्याला पडवी असते, खाट असते, हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. तो आता समोर होता आणि त्याच्या नाकाला नळी होती. क्षमा मागावी तर त्यानं मागितली नव्हती, आणि मी मागून त्याचा श्वास परत येणार नव्हता. देव मात्र मोठा हिशेबी, मनात आलं. वेदीपुढं ठेवलेली कात्री त्यानं स्वीकारली आणि नेमकी इथं आणून पोचवली. माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं असं नाही. दारापर्यंत आणून सोडलं.

"चांगली हुती बिडी," म्हातारा म्हणाला. "कधी इझायची न्हाई. तोंड घट्ट असायचं."

मला रडू आलं ते या बोलण्यानं. कारखान्यात कुणी कधी चांगली म्हटली नव्हती. आणि म्हणणारा कोण, तर हा.

"बघत काय बसलासा," तो म्हणाला, "कापा की." आणि इतके दिवस कुणाला हात लावू न दिलेला पाय त्यानं स्वतःच खाटेखाली सोडला.

मी तो कोमट पाण्यात धरला, भिजू दिला, फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतला. बरोबर सुपाच्या जागेवर. पाय हलका होता, सुपाएवढासुद्धा भार नव्हता त्याचा. नखं मातीच्या खापरीसारखी पिवळी, आत वळलेली, एक तर बोटात घुसलेलं. कात्री तिरकी धरून मी कडेकडेनं निघाले. त्याला दुखू नये म्हणून मधूनमधून थांबत होते. तो विचारत होता, कट्ट्यावर किती बायका होत्या, गाणी म्हणायचा काय, आणि मी सांगत होते. मैत्रिणीचं सांगितलं, तिच्या नखाचं सांगितलं. तो म्हणाला, त्या बाईला माझा राम राम सांगा. यंत्र घरघरत होतं. कापता कापता माझी मनातल्या मनात प्रार्थना चालू होती. कट्ट्यावर करायची तशीच, शब्द धड नसलेली.

एक पाय झाला. नखं गोळा करून मी पिशवीतून देवळातला कागद काढला, नखं त्यात ठेवली आणि गुंडाळली. बोलण्याच्या नादात हात आपल्या वळणावर गेले. तिरका कोपरा, अंगठ्याचा रेटा, आणि शेवटी तोंड आत दुमडलं.

म्हातारा बघत होता. त्यानं दोन बोटं पुढं केली, बिडी मागायची असते तशी.

"द्या हिकडं," म्हणाला, "काडी लावून बघतो."

आतून सुनेचं हसू ऐकू आलं, ती कधी दारात येऊन उभी राहिली होती मला कळलंच नाही. मी ती पुडी कमरेला खोचली आणि दुसरा पाय मांडीवर घेतला.